दसरा चौक ते पंचगंगा घाट : कोल्हापूर पायी पाहताना

बहुतेक पाहुणे कोल्हापूर पाहायला अंबाबाईच्या देवळापासून सुरुवात करतात. ज्याला येथील निरनिराळ्या समाजांचे जगणे जवळून पाहायचे आहे, त्याने मात्र सकाळी सातच्या सुमारास दसरा चौकात यावे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याजवळ उभे राहून सभोवारच्या पाट्या सावकाश वाचाव्यात : दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. खेड्यातून आलेल्या मुलाच्या राहण्याजेवणाची सोय झाल्याशिवाय शाळा उघडून उपयोग नाही, हे ओळखून महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या वसतिगृहाला आधार दिला. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे. या चौकात अर्धा तास घालवला, तरी तो मला कमीच वाटतो.

तेथून भाऊसिंगजी रोडने शिवाजी चौकाकडे चालत जावे. याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले होते आणि अस्पृश्याच्या हातचा चहा लोक घेईनात, तेव्हा महाराज स्वतः तेथे येऊन चहा घेत असत. हे ठाऊक असले की त्या रस्त्यावर घेतलेल्या साध्या चहालाही निराळी चव येते.

चप्पल लाईनमध्ये घाई करू नये. खरेदी करायची नसली तरी एक पायताण, म्हणजे कोल्हापुरी चप्पल, हातात घेऊन पाहावे : बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याचा उग्र वास, दोन्ही बाजूंचे कान, मधली बारीक वेणी. दुकानदाराला ‘करकर वाजणारी आहे का?’ एवढे विचारले, की तो आपणहून बोलू लागतो. या चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचे आहे, त्यामुळे एखादा जोड सीमेपलीकडच्या कारागिराच्या हातचाही असू शकतो.

पुढे गुजरीतील सराफी पेढ्यांसमोरून बाबूजमाल दर्ग्याकडे वळावे. चपला बाहेर काढाव्यात, डोके रुमालाने झाकावे आणि फोटो काढण्याआधी तेथील मंडळींची परवानगी घ्यावी. येथील मोहरमच्या पंज्यांना, म्हणजे मोहरमात बसवल्या जाणाऱ्या हाताच्या पंजाच्या आकाराच्या निशाणांना, हिंदू घरांतूनही नवस बोलले जातात. त्याविषयी जाणून घ्यायचे असेल, तर ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ असे न विचारता ‘तुमच्या गल्लीत पंजे कुठे बसतात?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस सावध होतो, दुसऱ्याने खुलतो.

पापाची तिकटी ओलांडून गंगावेशीत आले की दूध कट्टा लागतो. डोळ्यांसमोर म्हैस पिळून फेसाळ धारोष्ण दूध ग्लासात देतात. ते उभ्यानेच प्यावे. शेजारी तालमीतला पैलवान असतो, तसाच दुकान उघडायला निघालेला व्यापारीही. मग शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन जैन मठ पाहून उतारावरून पंचगंगा घाटावर यावे आणि पायऱ्यांवर बसून पाय मोकळे करावेत.