सीएफ आणि पोट: उजवीकडे खाली दुखलं तर काय करायचं

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे फुप्फुसांत आणि पचनमार्गात घट्ट, चिकट स्राव साचवणारा आनुवंशिक आजार, म्हटलं की सगळे आधी छातीचं विचारतात. मला मोठेपणी पोटाने जास्त वेळा दवाखान्यात नेलं आहे. म्हणून सीएफ असलेल्या प्रत्येक प्रौढाला दोन गोष्टींतला फरक ओळखता यावा असं मला मनापासून वाटतं: साधं बद्धकोष्ठ आणि डायस (DIOS), म्हणजे लहान आतड्याच्या शेवटी होणारा अडथळा.

डायसमध्ये लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्या जागी घट्ट, चिकट मळाचा गोळा अडकतो. आपल्या आतड्यात क्षार आणि पाणी पुरेसं उतरत नाही, त्यात स्वादुपिंडाची एन्झाइम कमी म्हणून न पचलेली चरबी मिसळते. बद्धकोष्ठ हळूहळू वाढतं, मळ मोठ्या आतड्यात ठिकठिकाणी साचतो. डायसचं दुखणं मात्र थोड्या काळात जोर धरतं, बेंबीच्या उजवीकडे खाली असतं आणि तिथे कधी हाताला गाठही लागते. मी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून हलक्या हाताने चाचपते. शौचाला झालं म्हणून निर्धास्त राहू नका. अडथळा अर्धवट असेल तर थोडं होतच राहतं.

दुखतंय, पण उलटी नाही, पोट फुगलेलं नाही, तर त्याच दिवशी आपल्या सीएफ टीमला फोन करा. बहुतेक वेळा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर भरपूर पाण्यातून घ्यायला सांगतात. किती आणि किती वेळ, हे त्यांनीच ठरवायचं. आतड्याला कळ आणणारं जुलाबाचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. वाट अडलेली असताना जोर लावला तर दुखणं वाढतं.

हिरवी-पिवळी उलटी, फुगलेलं पोट, वायू सरणंही बंद, यातलं काहीही दिसलं तर तोंडाने पावडर, पाणी काही घ्यायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सीएफचा पेशंट क्वचितच पाहिलेला असतो. माझ्या पाकिटात कायम एक चिठ्ठी असते: आजाराचं नाव, डायस पूर्वी झाल्याची नोंद, लहानपणीची पोटाची शस्त्रक्रिया, एन्झाइमचा डोस, टीमचा नंबर. ‘डायस असू शकेल, सर्जरी ठरवण्याआधी माझ्या सीएफ डॉक्टरांशी बोला’ ही ओळ मी ठळक लिहिली आहे. बऱ्याच जणांची वाट शिरेतून पाणी देऊन आणि नळीतून किंवा एनिमाने औषध देऊन मोकळी होते. पण दुखणं अपेंडिक्सचंही असू शकतं, किंवा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. स्कॅन सांगितला तर टाळू नका.

एकदा डायस झाला की पुन्हा होण्याची शक्यता राहते. उन्हाळा, ताप, लांबचा प्रवास, अफूवर्गातली वेदनाशामकं, फुप्फुस प्रत्यारोपणानंतरचे दिवस, या काळात पाणी आणि मीठ दोन्हीकडे जास्त लक्ष द्या. मळ तेलकट, तरंगणारा, उग्र वासाचा होऊ लागला तर एन्झाइम कमी पडत असतील. तरी कॅप्सूल आपल्या आपण वाढवू नयेत. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) ही साधारण वरची मर्यादा मानतात. १९९० च्या दशकात फार मोठ्या डोसनंतर काही मुलांचं मोठं आतडं जाड होऊन आकसलं होतं, तेव्हापासून ही काळजी घेतली जाते.

आणखी एक, कारण हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. सीएफमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अमेरिकेतल्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१८ च्या शिफारशींत चाळिशीपासून कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सुचवली आहे, प्रत्यारोपण झालेल्यांना तिशीपासून. तपासणी ठरली की पोट साफ करण्याची तयारी सीएफप्रमाणे वाढवून मागा, नेहमीच्या मात्रेने आपलं आतडं पुरेसं स्वच्छ होत नाही.