जपानला जाणारं सॉफ्टवुड: कॅनडा-स्वीडन तुलना करताना या चुका टाळा

कॅनडा आणि स्वीडन दोघेही जपानला घरबांधणीसाठी चिरीव सॉफ्टवुड, म्हणजे पाइन-स्प्रूससारख्या सूचीपर्णी झाडांचं लाकूड, विकतात. दोघांचे आकडे शेजारी मांडून आलेख काढणं सोपं आहे. पण दोन्ही रकान्यांत एकच वस्तू एकाच मापाने मोजली आहे का, हे आधी तपासायला हवं, आणि तिथेच बहुतेक तुलना फसतात.

सगळ्यात महागात पडते ती मापाची चूक. उत्तर अमेरिकेतला लाकडाचा व्यवहार हजार बोर्ड फुटांत चालतो. १ फूट लांब, १ फूट रुंद, १ इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट; या हिशेबाने १,००० बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर. पण ‘टू बाय फोर’ची पट्टी घेऊन तिला कॅलिपर लावा: ३८ बाय ८९ मिलिमीटर, म्हणजे दीड बाय साडेतीन इंच. २ आणि ४ हे फक्त नाव. उरलेलं सुकवण्यात आणि रंध्यात गेलेलं असतं. म्हणून टू बाय फोरच्या १,००० बोर्ड फुटांत खरं लाकूड भरतं सुमारे १.५५ घनमीटर. सरसकट २.३६ ने गुणलं, तर कॅनडाचा आकडा दीडपट फुगतो. बरं, एकच गुणक सगळीकडे चालत नाही. टू बाय टेनला तो १.६४ आहे, आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिरण्या जपानी मापाचे १०५ मिलिमीटरचे चौकोनी खांबही कापतात. त्यांचं घनफळ थेट मिलिमीटरवरूनच काढा.

आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला एक कोड असतो. २०२२ मध्ये एखाद्या कोडाखालची कॅनडाची निर्यात अचानक कोसळलेली दिसली, तर घाबरू नका. त्या वर्षी स्प्रूस-पाइन-फर मिश्रणाला ४४०७.१३ आणि हेम-फरला (हेमलॉक आणि फर यांचं मिश्रण) ४४०७.१४ असे स्वतंत्र कोड मिळाले. माल तिकडे सरकला. त्याआधी २०१७ मध्ये जुना ४४०७.१० फुटून ११, १२ आणि १९ झाले होते. सलग मालिका हवी असेल तर ४४०७.११, १२, १३, १४ आणि १९ यांची बेरीज करा. ती जुन्या ४४०७.१० शी जुळते. चिकटवून तयार केलेले खांब आणि तुळया यात येत नाहीत, त्या ४४१८ खाली शोधा.

किमतींची तुलना निर्यातदार देशांच्या आकड्यांवरून करू नका. निर्यातीची किंमत बंदरापुरती असते. जपानच्या आयातीच्या किमतीत जहाजभाडं आणि विमाही येतो. दोन्ही देशांसाठी जपानचीच सीमाशुल्क आकडेवारी घेतली, की निदान मोजणारा हात एकच राहतो. तरी स्वीडनचा प्रवास लांब असल्याने तिथल्या मालावर भाड्याचा बोजा जास्त असतो, हे विसरू नका. माल निघाल्याचा आणि पोचल्याचा महिनाही वेगळा. महिन्याचे आकडे ताडण्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी घ्या. जपानचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, त्यामुळे तिथले वार्षिक अहवाल कोणतं वर्ष धरतात तेही पाहा.

२०२१ च्या भाववाढीत किंमत उसळली म्हणून माल वाढला असं समजू नका. घनमीटर आणि येन वेगवेगळे मांडा.

राहिला वापर. कॅनडाचं स्प्रूस-पाइन-फर मुख्यतः टू बाय फोर घरांत, म्हणजे अशा पट्ट्यांच्या चौकटींच्या भिंती उभारून बांधलेल्या घरांत जातं, स्वीडनच्या लाकडाचा मोठा भाग फळ्या चिकटवून बनवलेल्या खांब-तुळयांत. त्यामुळे स्वीडनची वाढ म्हणजे कॅनडाचं नुकसान, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जपानचं बांधकाम मंत्रालय नव्या घरांच्या आकड्यांत टू बाय फोर घरं वेगळी दाखवतं. कॅनडाचा आलेख आधी त्याच्याशी ताडून पाहा.