इंडियन डर्बीतले घोडे पारखताना

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर परंपरेने फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या इंडियन डर्बीत धावणारा प्रत्येक घोडा चार वर्षांचा असतो. शर्यतीच्या जगात सर्व घोड्यांचे वय 1 जानेवारीला एकदमच वाढते, त्यामुळे यांतल्या बहुतेकांची सारी कारकीर्द दोन आणि तीन वर्षांच्या वयातलीच असते. त्यांच्या नावावर 1200, 1400 आणि 1600 मीटरच्या शर्यती असतात. डर्बीचे 2400 मीटर मात्र अनेकांना सर्वस्वी नवे असतात. म्हणून सर्वांत वेगवान घोडा कोणता, हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि शेवटच्या 400 मीटरमध्ये कोणाचा दमसास शिल्लक राहील, हे शोधावे.

सुरुवात डिसेंबरमध्ये याच ट्रॅकवर होणाऱ्या 1600 मीटरच्या ‘इंडियन 2000 गिनीज’ या शर्यतीपासून करावी. निकालातला क्रमांक पाहून थांबू नये, तर शर्यतीचे चित्रण किमान तीनदा पाहावे. पहिल्या वेळी विजेता कसा धावला ते पाहावे, दुसऱ्या वेळी पहिल्या सहांतले बाकीचे पाहावेत आणि तिसऱ्या वेळी, चित्रणात दिसत असतील तर, विजयरेषेनंतरचे शंभर-दोनशे मीटर पाहावेत. मला स्वतःला सर्वाधिक माहिती या तिसऱ्या वेळी मिळते. जॉकीने हात सैल सोडल्यावरही जो घोडा आपणहून पुढे निघून जातो, त्याला ते अंतर अपुरे पडलेले असते. आघाडी टिकवताना ज्याची ढांग आखूड होत गेली, तो जिंकला असला तरी त्याला आणखी 800 मीटर झेपतील का, याची शंका घ्यावी. चौथा आलेला, पण शेवटपर्यंत ढांग लांबवत आलेला घोडा डर्बीसाठी माझ्या मते अधिक मोलाचा ठरतो.

वेळेचे आकडेही वाचावेत, मात्र जपून. डर्बीला साधारण अडीच मिनिटे लागतात आणि एका सेकंदात घोडा ढोबळमानाने सहा लेंथ (एक लेंथ म्हणजे घोड्याच्या अंगाची लांबी) कापतो, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा फरकही मोठा असतो. परंतु एकूण वेळ ही सुरुवातीच्या पेसवर, म्हणजे शर्यतीच्या गतीवर, आणि ट्रॅकच्या कठीणपणावर अवलंबून असते. म्हणून त्या दिवसाचे पेनेट्रोमीटरचे (ट्रॅकचा कठीणपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) रीडिंग आणि शेवटच्या 600 मीटरला लागलेली वेळ एकत्र पाहावी. संथ शर्यतीत शेवटचे 600 मीटर कोणीही झपाट्याने धावेल. जलद पेसच्या शर्यतीत मागून येऊन तशीच वेळ देणारा घोडा मात्र खरा दमाचा असतो.

पुणे डर्बी आणि हैदराबादची डेक्कन डर्बी या दोन्ही 2000 मीटरच्या असल्यामुळे त्यांतली कामगिरी 1600 मीटरच्या निकालापेक्षा अधिक बोलकी असते. हिवाळ्यात बंगळूर किंवा कोलकात्यात 2400 मीटर धावून आलेल्या घोड्याच्या दमाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला असतो. त्याच्याबाबत प्रवास आणि नवा ट्रॅक यांचाच विचार उरतो.

वजनाचा हिशेब अनेकांकडून निसटतो. नेहमीच्या हँडिकॅप शर्यतीत, म्हणजे सरस घोड्यावर जास्त वजन लादून जिथे बरोबरी साधतात तिथे, घोड्याच्या कुवतीला दिलेल्या रेटिंगच्या प्रत्येक अंकाला अर्धा किलो वजन बदलते, त्यामुळे 52 किलो घेऊन अर्ध्या लेंथने जिंकलेल्या घोड्यापेक्षा 60 किलो घेऊन दुसरा आलेला घोडा सरस असतो. डर्बीत ही सवलत संपते: सर्व कोल्ट (तरुण नर) एकाच वजनाने धावतात आणि फिलींना (तरुण माद्यांना) तेवढी 1.5 किलोची सूट असते. फिली म्हणून कोणाला आधीच वगळू नये. 1943 मधली पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुलने जिंकली होती आणि 2010 मध्ये जॅकलिनने.

वंशावळीचा उपयोग जिथे प्रत्यक्ष पुरावा नसतो तिथे करावा. सायरच्या, म्हणजे बापाच्या, नावाकडे सगळेच पाहतात. मी आईकडे आणि तिच्या आधीच्या शिंगरांकडे अधिक लक्ष देतो, कारण सख्ख्या किंवा सावत्र भावंडांनी 2000 मीटरपलीकडे विजय मिळवले असतील, तर तो दुवा कागदावरच्या थोर पूर्वजापेक्षा जवळचा असतो. मायोस्टॅटिन या जनुकाचा थरोब्रेडला (शर्यतीच्या घोड्यांच्या जातीला) मानवणाऱ्या अंतराशी संबंध असल्याचे 2010 मध्ये आयर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिले, पण प्रेक्षकाच्या हाती तो अहवाल नसतो. त्याला भावंडांच्या निकालांवरच भागवावे लागते.

ड्रॉचा, म्हणजे सुटण्यासाठी घोड्याला कोणते गेट मिळाले याचा, विचार भूमितीने करावा. महालक्ष्मीचा ट्रॅक सुमारे 2400 मीटरचा लंबगोल आहे, म्हणजे डर्बी जवळपास एक पूर्ण वळसा असते. पूर्ण वळशात जो घोडा रेलिंगपासून एक मीटर अधिक बाहेरून धावतो, त्याला सहा मीटरहून जास्त, म्हणजे अडीच लेंथच्या आसपास, अंतर फुकट कापावे लागते. बाहेरच्या गेटवरून सुटलेल्या घोड्याला आत आसरा मिळाला नाही, तर वळणावळणावर हे कर्ज वाढत जाते. म्हणून त्याचा जॉकी त्याला लवकर पुढे काढणार की मागे घेऊन आत आणणार, याचा अंदाज त्या घोड्याच्या आधीच्या शर्यतींवरून बांधावा. आघाडीवर धावायची सवय असलेले तीन-चार घोडे एकाच शर्यतीत असतील, तर ते एकमेकांना दमवतील आणि मागून येणाऱ्यांना फायदा होईल. असा एकच असेल, तर तो पेस आपल्या मर्जीने संथ ठेवू शकतो आणि मग त्याला गाठणे अवघड जाते.

शेवटची पारख पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, करावी. मुंबईच्या हवेत मानेवर थोडा घाम येणे स्वाभाविक आहे, परंतु मागच्या पायांमध्ये पांढरा फेस दिसू लागला, तर घोडा धावण्याआधीच ताकद खर्च करत आहे असे समजावे. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे सहज पडतो का, कान आणि डोळे शांत आहेत का, हे पाहावे. त्यानंतर घोडे गेटकडे जाताना दुर्बीण जॉकीच्या हातांवर ठेवावी: जो घोडा तिथेच लगामाशी झुंजू लागतो, त्याच्या वाट्याला आलेल्या 2400 मीटरमधले काही मीटर शर्यत सुटण्यापूर्वीच खर्ची पडलेले असतात, आणि अशा घोड्याचे नाव मी रेसबुकात खूण केलेले असले तरी खोडतो.