खनिजसाठ्यात धातू किती? माझी हिशेबाची रीत

मी आधी बोअरमधून निघालेले गाभे (खडकाच्या लांब, गोल कांड्या) हातात घेते, मगच कागद. गाभ्यात धातुकाचा (धातू असलेल्या खडकाचा) पट्टा 16 मीटर दिसला, पण तो गाभ्याच्या अक्षाशी 30 अंशांत तिरका असेल, तर खरी जाडी 8 मीटरच. इथे चुकलात तर साठा दुप्पट दिसतो.

आता प्रत, म्हणजे धातुकात धातू किती टक्के. समजा त्या 8 मीटरांपैकी 2 मीटरांत तांबे 3 टक्के, 6 मीटरांत 0.6 टक्के. सरळ सरासरी 1.8 येते आणि ती चूक आहे! जाडीने गुणून, बेरजेला 8 ने भागा: 1.2 टक्के.

घनता कधीही पुस्तकातून उचलू नका. सुका तुकडा हवेत तोला, मग पाण्यात बुडवून. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. सच्छिद्र, झिजलेल्या खडकाला आधी मेणाचा पातळ लेप द्या (मेणाचा हिशेब वजा करायचा), नाहीतर पाणी आत शिरते. एकदा मी लेप टाळला, आणि घनता फुगली. सगळे तुकडे पुन्हा तोलले.

पुढे नुसता गुणाकार. लांबी, रुंदी, जाडी 400 × 200 × 8 मीटर म्हणजे 6,40,000 घनमीटर, घनता घनमीटरला 2.8 टन असेल तर 17,92,000 टन धातुक, त्याचे 1.2 टक्के, म्हणजे 21,504 टन तांबे. हे जमिनीतले. प्रक्रियेत 85 टक्केच हाती लागले, तर सुमारे 18,278 टन.