शोल्डरवर दिवे लुकलुकताना दिसले की: अमेरिकेतल्या हायवेवर काय करायचं

अमेरिकेत नव्याने गाडी चालवायला लागलेल्या माणसाला सायरनचा नियम लवकर कळतो. मागून सायरन आला की उजवीकडे घ्यायचं, थांबायचं, पुढे जाऊ द्यायचं. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की जागच्या जागी उभं राहायचं, हेही परीक्षेच्या पुस्तकात घोटून घेतलेलं असतं. गोंधळ उडतो तो तिसऱ्या प्रसंगी. पोलिसाची, फायर ब्रिगेडची किंवा अँब्युलन्सची गाडी शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्ट्यावर उभी आहे, दिवे चालू आहेत, सायरन बंद. आपल्याकडच्या सवयीने वाटतं, सायरन नाही म्हणजे वाट द्यायची नाही, रस्ता मोकळा आहे, चला पुढे. पावती फाटते ती इथे.

नियम दोन वाक्यांचा आहे. उभ्या गाडीला लागून असलेली लेन सोडा. सोडता येत नसेल तर वेग कमी करा. याला ‘मूव्ह ओव्हर’ कायदा म्हणतात. पहिल्यांदा तो साउथ कॅरोलायनात १९९६ मध्ये आला. २०१२ मध्ये हवाईने तो केल्यावर पन्नासही राज्यं पूर्ण झाली. केंद्राचा एकच कायदा मात्र नाही, प्रत्येक राज्याचा आपापला आहे. न्यू जर्सीत शिकलेलं टेक्सासात जसंच्या तसं लागू पडत नाही ते यामुळे. दुसऱ्या राज्यात घर हलवलंत तर तिथल्या ड्रायव्हर हँडबुकातलं हे पान वेगळं वाचा.

लेन सोडणं आणि वेग कमी करणं हे दोन पर्याय बहुतेक राज्यांत एका तोलाचे नाहीत. आधी लेन सोडायची, ते जमलंच नाही तर वेग कमी करायचा. शेजारची लेन रिकामी असताना नुसता ब्रेक दाबून निघून गेलात, तर अशा राज्यात तेही उल्लंघन धरलं जातं. टेक्सासात कायद्याने यांपैकी काहीही एक केलं तरी चालतं, पण तिथेही जागा असेल तर लेनच सोडावी.

का सोडायची, ते फुटांच्या हिशेबात बघा. इंटरस्टेटवरची लेन १२ फुटांची असते आणि उजवा पक्का शोल्डर साधारण १० फुटांचा. पोलिसाची गाडी आरसे धरून सात फुटांच्या आसपास. शोल्डरच्या अगदी कडेला लावली तरी तिच्यात आणि पांढऱ्या रेघेत जेमतेम तीन फूट उरतात, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की तेही संपतात. त्या दारातून उतरणारा माणूस तुमच्या लेनच्या काठावर उभा असतो. ताशी ६५ मैलांनी तुमची गाडी सेकंदाला ९५ फूट कापते. तो एक पाऊल मागे सरकेपर्यंत तुम्ही त्याच्यापाशी पोचलेले असता. पुष्कळ पोलीस अडवलेल्या गाडीकडे उजव्या खिडकीने येतात, त्याचं कारण हेच.

नव्याने आलेल्यांच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. भारतात आपण गाडीत उजवीकडे बसतो. इथे डावीकडे बसल्यावर गाडीची उजवी बाजू कुठपर्यंत जाते याचा अंदाज पहिले काही महिने येत नाही आणि गाडी नकळत लेनच्या उजव्या रेघेकडे सरकत राहते. उजवीकडेच तर शोल्डर. शेजारी बसलेला माणूस सारखा पाय आखडून घेत असेल तर समजा, तुम्ही उजवीकडे झुकताय. लेन सोडता आली नाही आणि उभ्या गाडीच्या लगतूनच जावं लागलं, तर आपल्या लेनमध्ये राहूनच एखाद-दीड फूट डावीकडे धरा.

प्रत्यक्षात कसं करायचं

सगळं लवकर सुरू करण्यावर आहे. सपाट रस्त्यावर दिवे अर्ध्या मैलावरूनही दिसतात. ६५ मैलांच्या वेगाने अर्धा मैल जायला जवळजवळ २८ सेकंद लागतात आणि लेन बदलायला तेवढे भरपूर आहेत. शेवटच्या पाच सेकंदांत मात्र फक्त चुका होतात.

दिवे दिसले की पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावू नका. आधी मधला आरसा, मग डावा आरसा: मागचे किती जवळ आहेत, शेजारच्या लेनमधून कोणी जोरात येतंय का. मग इंडिकेटर. पुष्कळ राज्यांत कायदा वळण्याआधी किमान १०० फूट इंडिकेटर द्यायला सांगतो, पण हायवेच्या वेगात १०० फूट एका सेकंदात संपतात. त्यामुळे चार-पाच सेकंद आधी द्या. डाव्या खांद्यावरून मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघा आणि वेग न मोडता सरका. पूर्ण लेन सोडायची आहे, दोन चाकं रेघेपलीकडे नेऊन भागत नाही.

शेजारच्या लेनमध्ये आधीच असलेल्यांचंही एक काम असतं. उजव्या लेनमधल्या गाडीने इंडिकेटर दिला की तिला जागा करून द्या. ती ट्रक-ट्रेलर असेल तर विशेष. भरलेल्या ट्रेलरचं वजन ८०,००० पौंडांपर्यंत असतं आणि ६५ मैलांवरून थांबायला त्याला ५०० फुटांहून जास्त लागतात. त्याला तुम्ही अडवून धरलंत, तर तो पोलिसाच्या अंगावरून जाईल नाहीतर तुमच्या.

मूळ लेनमध्ये परत येण्याची घाई करू नका. अपघाताच्या जागी एकच गाडी क्वचित असते. पोलिसापुढे अँब्युलन्स, तिच्यापुढे टो ट्रक, आणि टो ट्रकवाला केबल लावायला रेघेपाशी वाकलेला. सगळी रांग मधल्या आरशात मागे पडलेली दिसली की मगच परत या.

वेग किती कमी करायचा

राज्याराज्यांत सगळ्यात जास्त फरक इथे आहेत. फ्लोरिडा आणि टेक्सासात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा २० मैलांनी कमी: पाटीवर ७० असेल तर ५०. वेग २० मैलांवर आणा असा याचा अर्थ नव्हे. तसं करून मागच्यांना धडक द्यायला लावणारे दर वर्षी निघतात. गल्लीबोळात मर्यादाच कमी असेल, म्हणजे टेक्सासात २५ किंवा त्याखाली आणि फ्लोरिडात २० किंवा त्याखाली, तर ५ मैलांवर यायचं. वॉशिंग्टन राज्यात मर्यादेपेक्षा किमान १० मैल कमी, आणि उभ्या गाडीच्या २०० फूट आधीपासून २०० फूट नंतरपर्यंतचा पट्टा ‘इमर्जन्सी झोन’ मानला जातो. न्यू जर्सीत आकडा नाही: मर्यादेखालचा वाजवी वेग, आणि गरज पडली तर थांबायची तयारी. कॅलिफोर्नियातही परिस्थितीला साजेसा सुरक्षित वेग एवढंच म्हटलंय. आकडा नसलेल्या राज्यातही मर्यादेपेक्षा २० मैल कमी धरलंत तर सहसा वाद होत नाही, फक्त मागचा ट्रॅफिक बघून हळूहळू उतरा.

लेनमध्येच पूर्ण थांबणं ही सगळ्यात धोक्याची चूक. पोलिसाने हात करून थांबवलं किंवा पुढचा रस्ताच बंद असेल, तरच थांबा. पोलिसाचा हात हा पाटी आणि सिग्नल दोन्हींच्या वरचा.

कोणत्या गाड्यांसाठी

लाल-निळे दिवे सगळ्यांना कळतात. पिवळ्या दिव्यांकडे लोक बघतच नाहीत. टो ट्रक आणि रस्तादुरुस्तीच्या गाड्यांना हाच नियम बहुतेक राज्यांत लागू आहे, टेक्सासात तर कचरा उचलणाऱ्या गाडीलासुद्धा. शिवाय यादी वाढत चालली आहे. इलिनॉयमध्ये हॅझर्ड लाइट लावून उभी असलेली कुठलीही गाडी २०१७ पासून यात आली. फ्लोरिडाने बंद पडलेल्या गाड्या १ जानेवारी २०२४ पासून धरल्या, आणि न्यू यॉर्कने त्याच वर्षी मार्चअखेर शोल्डरवर थांबलेल्या सगळ्याच गाड्या. प्रत्येक राज्याची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. शोल्डरवर काहीही उभं दिसलं की लेन सोडायची, मग ती कुणाची बंद पडलेली कोरोला असली तरी.

दंडाचे आकडेही एकसारखे नाहीत. न्यू जर्सीत १०० ते ५०० डॉलर. इलिनॉयमध्ये पहिल्या वेळी किमान २५०, आणि वरची मर्यादा १०,००० डॉलर. तिथल्या कायद्याला ‘स्कॉट्स लॉ’ म्हणतात. शिकागो फायर डिपार्टमेंटचे लेफ्टनंट स्कॉट गिलेन २००० सालच्या डिसेंबरात एका अपघाताच्या जागी काम करत असताना गाडीची धडक बसून गेले, त्यांच्या नावाने तो ओळखला जातो. कॅलिफोर्नियात मूळ दंड ५० डॉलरच्या आतला दिसतो, त्यावर भुलू नका. कोर्टाचे आणि राज्याचे अधिभार चढून रक्कम कितीतरी पट होते.

लेन कधी सोडायची नाही

दोन लेनच्या रस्त्यावर, म्हणजे एक जाणारी आणि एक येणारी, तिथे सरकायला लेनच नसते. डबल पिवळी रेघ ओलांडून समोरच्या लेनमध्ये जाऊ नका. वेग उतरवा आणि आपल्याच लेनमध्ये डावीकडे धरून जा. कारपूल किंवा एक्स्प्रेस लेनच्या अखंड दुहेरी रेघांचंही तसंच: कायद्याने ओलांडायला बंदी असेल तिथे ‘मूव्ह ओव्हर’ ही सबब चालत नाही. रॅम्पपाशी रेघांनी भरलेला जो त्रिकोण असतो, त्यावरून गाडी नेऊ नका.

गाडी डाव्या शोल्डरवर उभी असेल तर नियम उलटा, तुम्ही उजवीकडे सरकायचं. मधे डिव्हायडर असून गाडी पलीकडच्या बाजूला असेल तर तुमच्यावर बंधन नाही. तरी तिथेही ट्रॅफिक तुंबतो, कारण सगळे माना वळवून बघत जातात. पुढच्याचा ब्रेक कधीही लागेल असं धरून अंतर ठेवा.

बर्फात दोन लेनच्या मधे चिखलबर्फाचा उंचवटा साचतो. तो वेगात ओलांडताना गाडी फिरू शकते. अशा वेळी लेन सोडण्याचा हट्ट धरण्यापेक्षा लांबूनच हळू होऊन सरळ जाणं बरं. ब्रेक हलका, स्टिअरिंग स्थिर.

रात्र आणि क्रूझ कंट्रोल

रात्री दिव्यांचा झगमगाट डोळे खेचून घेतो, आणि जिकडे नजर तिकडे हात जातो. दिव्यांकडे टक लावून बघणारा ड्रायव्हर हळूहळू त्याच दिशेला जायला लागतो. तुमच्या लेनची डावी रेघ पुढे जिथे दिसेनाशी होते तिथे नजर ठेवा. दिव्यांच्या मधे काळ्या कपड्यातला माणूस चालत असू शकतो, आणि लखलखाटामुळे तो शेवटपर्यंत दिसत नाही.

क्रूझ कंट्रोल बंद करा. साधा असेल तर तो वेग उतरू देत नाही. ॲडॅप्टिव्ह असेल तर तो पुढे चालणाऱ्या गाडीचा माग ठेवतो, हायवेच्या वेगात समोर स्थिर उभी असलेली वस्तू त्याला कळेलच असं नाही. पुढची गाडी ऐनवेळी लेन सोडून गेली आणि तिच्यापुढे फायर ट्रक आडवा उभा निघाला, की पंचाईत. टेस्लाच्या गाड्या ऑटोपायलटवर असताना उभ्या इमर्जन्सी गाड्यांवर आदळल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने ऑगस्ट २०२१ मध्ये चौकशी सुरू केली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल झाला. स्टिअरिंग कोणाच्याही ताब्यात असो, तिकीट ड्रायव्हरच्या सीटवरच्या माणसाच्या नावाने येतं.

शोल्डरवर तुम्हीच असाल तर

जमल्यास गाडी पुढच्या एक्झिटपर्यंत न्या. टायर फाटला असेल तर रिम वाकेल म्हणून कचरू नका, रिम स्वस्त आहे. थांबावंच लागलं तर रेघेपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, हॅझर्ड लाइट लावा आणि पुढची चाकं रस्त्याच्या विरुद्ध बाजूला वळवा. उतरताना उजवीकडच्या दारातून उतरा. आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण गाडी थांबली की डावीकडचं दार उघडून पाय मोकळे करायला उतरणारी मंडळी खूप. गार्डरेल असेल तर सगळ्यांनी तिच्या पलीकडे आणि आपल्या गाडीच्या थोडं मागे उभं राहायचं. पुढे उभं राहिलात आणि मागून कोणी आदळलं तर आपलीच गाडी अंगावर येते. डावीकडचा टायर स्वतः बदलायला बसू नका, टो ट्रक बोलवा.

उतरणं शक्य नसेल, गाडी लेनमध्येच अडकली असेल, तर पट्टे लावूनच बसा आणि ९११ ला फोन करा. हायवेचं नाव, कोणत्या दिशेला चालला होता आणि रस्त्याकडेच्या छोट्या हिरव्या पाटीवरचा मैलाचा आकडा, एवढं सांगितलंत की मदतीची गाडी नेमकी तुमच्यापाशी येते.