चुन्याच्या भिंतीवर चित्रं टिकत नव्हती: माझा अनुभव

पणजीच्या मळा या भागातल्या जुन्या घरात चित्रांचं प्रदर्शन मांडत होतो. चिऱ्याची भिंत, वर चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की नुसती भुकटी. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पावसाळी ओलीत रात्रीत सुटली. दोन दिवस डोकं पिकलं.

जमलं ते असं. भिंतीलगतच्या तुळईला आकडे लावून मासे गरवायची जाड तंगूस सोडली, प्रत्येक चित्राला दोन. एकाच दोरीवर फ्रेम पंख्याच्या वाऱ्यानं फिरते. चित्रं रात्रभर तशीच टांगली, कारण तंगूस वजनानं ताणते. सकाळी जमिनीपासून १४५ सेंमीवर सूत धरलं, प्रत्येक चित्राचा मध्य (वरची कड नव्हे!) त्यावर आणला, मगच पक्की गाठ. शेवटी फ्रेममागे खालच्या कोपऱ्यांत रबराचे तुकडे, म्हणजे ओल फ्रेमला लागत नाही.