होम सर्व्हरवर लक्ष ठेवायचंय? होम असिस्टंटलाच कामाला लावा

माझ्या जुन्या लॅपटॉपच्या सर्व्हरवर घरातले सगळे फोटो आहेत, आणि एकदा डिस्क गच्च भरून आठवडाभर बॅकअप बंद होता तरी मला पत्ताच नाही, कारण रोज लॉगइन करून कोण बघत बसतंय. पण लाईट, पंप, गीझर यांच्यासाठी होम असिस्टंटचा (घरातली उपकरणं एका जागी बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड दिवसातून चारदा उघडतोच ना, मग सर्व्हरही तिथेच दिसू दे.

आधी सर्व्हरवर ग्लान्सेस (मशीनची डिस्क, टेम्परेचर वगैरे दाखवणारं टूल) टाका आणि वेब सर्व्हर मोडमध्ये चालू करा, पोर्ट ६१२०८. त्याची सर्व्हिस बनवा, म्हणजे लाईट जाऊन आली की मशीनसोबत तोही आपोआप चालू होईल. डॉकरमध्ये (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालवत असाल तर होस्टचं नेटवर्क द्या आणि डिस्क आत माउंट करा, नाहीतर कंटेनरचेच आकडे बघत बसाल. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी फिक्स करून टाका. आणि हा पोर्ट बाहेर इंटरनेटवर अजिबात उघडू नका, ग्लान्सेसला आपण लावल्याशिवाय पासवर्ड नसतो!

मग होम असिस्टंटच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइसेस अँड सर्व्हिसेसमधून ग्लान्सेस ॲड करा, आयपी आणि पोर्ट टाका, झालं. सेन्सर ढीगभर येतात, सगळे डॅशबोर्डवर लावू नका, डिस्क आणि टेम्परेचरचे दोन गेज पुरे.

खरं काम अलर्टचं. डिस्क ८५ टक्क्यांच्या वर गेली की मोबाइलवर नोटिफिकेशन. टेम्परेचर ८० डिग्रीच्या वर सलग ५ मिनिटं राहिलं तरच, कारण व्हिडिओ कन्व्हर्ट होताना ते क्षणभर उसळतंच. (सर्व्हर रास्पबेरी पायवर, म्हणजे त्या छोट्याशा एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर असेल, तर तो ८० ला स्वतःच स्पीड कमी करतो.) पण सर्व्हर पूर्ण बंद पडला तर यातलं काहीच वाजत नाही, तेव्हा सेन्सर नुसता 'अनअव्हेलेबल' होतो, म्हणून त्याचं वेगळं ऑटोमेशन हवंच, ३ मिनिटं अनअव्हेलेबल राहिला की मेसेज.

आणि होम असिस्टंट त्याच सर्व्हरवर ठेवू नका हो, दोघं एकदम बंद पडले तर सांगणार कोण? मी तो वेगळ्या रास्पबेरी पायवर ठेवलाय, तो पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर.

सगळं झालं की सर्व्हरची लॅन केबल उपटा आणि फोन हातात घेऊन बसा. ५ मिनिटांत मेसेज आला नाही तर ऑटोमेशनचा ट्रेस (ते कसं चाललं त्याची नोंद) उघडून बघा, बहुतेक सेन्सरचं नाव चुकलेलं असतं.